हात खाली कर

आई, तू गेलीस त्या दिवशी आपल्या घरात जेवढा आवाज झाला, तेवढा तुझ्या उभ्या आयुष्यात झाला नसेल. बायका हेल काढून रडत होत्या. चुलती तुझ्या कानाशी तोंड नेऊन "अगं माझे गिरजाबाई, मला एकटीला टाकून कुठं चाललीस गं" म्हणत होती. कानाशी! लहानपणीच्या तापात ज्या कानांनी काम सोडलं त्या कानांशी. आणि ही गिरजाबाई तिला आजच कुठून आठवली? एरवी तिच्या तोंडी तू 'बहिरी' होतीस. बहिरीला ताक द्या, बहिरीची म्हैस सुटली, बहिरीच्या पोरीला बघायला पाहुणे आले. मला रडू यायच्या आधी राग आला, आणि इतके दिवस झाले तरी तो उतरलेला नाही.

त्या गलक्यात छबू पुढं आली. तुझी नात, किसनची थोरली, आता कुठं शाळेत नाव घालायचं वय झालेली. तुझ्या उशाशी उकिडवी बसली, तुझ्या तोंडासमोर तिचं तोंड येईल अशी. तू तिच्यापुढं अशीच बसायचीस. मग तिनं बोट गालात रुतवलं, म्हणजे 'मी छबू'. दोन्ही तळवे खालून वर उचलले, म्हणजे 'ऊठ'. ओठांशी बशी धरल्यासारखं केलं, म्हणजे 'चहा'. आणि थांबली. तूच शिकवलं होतंस तिला, आपलं सांगून झालं की थांबायचं, आता समोरच्याची पाळी. ती तुझ्या पाळीची वाट बघत बसली, आणि चुलत्यांनी तिचे दोन्ही हात धरून खाली ओढले.

"हात खाली कर. मड्याम्होरं असले चाळे करू न्हाईत."

चाळे. आपल्या भाषेला हे लोक चाळे म्हणतात, आई.

हे मी परभणीत बसून लिहितेय, शिवणयंत्रावर कागद ठेवून. एका गिऱ्हाईकाचं पोलकं अर्धवट पडलंय, पडू दे. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण तोंडानं बोललेलं तुझ्यापर्यंत कधी पोचलं नाही, आणि लिहिणं निदान हातानं होतं. म्हणून लिहितेय.

मला लहानपणी सगळे विचारायचे, आय बहिरी आन् तू एवढी टकळी कशी गं? तू माझं नावच तसं ठेवलं होतंस, दोन बोटांची चोच करून उघडमीट, म्हणजे वच्छी. किसनचं नाव कपाळावर आडवं बोट. तो बैलगाडीतून पडला त्याचा व्रण होता तो. आम्ही दोघं बोलायला आधी हातानं शिकलो, मग तोंडानं, आणि त्यात काही विशेष आहे हे आम्हाला शाळेत जाईपर्यंत माहीतच नव्हतं. तुझ्याकडे आवाज नव्हता, तर तो तू शेजारून आणलास, विस्तव मागून आणतात तसा. रोज सकाळी आम्हाला घेऊन कौसामावशीच्या ओट्यावर जायचीस. तिच्या वाकळी तू शिवून द्यायच्या आणि तिनं आमच्याशी बोलायचं, असा तुमचा ठराव. कौसामावशीला बोलायला माणूस लागतच होतं. तिचा नवरा आधीच कंटाळून शेतात राहायला गेला होता.

मला एवढंच म्हणायचंय की दोन लेकरं वाढवून तू दाखवली होतीस. दोघंही बोलत होती. माझ्याबद्दल तर गावाची तक्रारच होती की ही जास्त बोलते. मग छबूच्या वेळी सगळ्यांना अक्कल कुठं चरायला गेली होती?

पण आधी किसनचं सांगते. तुला ते कळलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. तो मिसरूड फुटायच्या वयाचा होता. सोनपेठच्या बाजारात आपण तिघं गेलो होतो आणि तो मित्रांच्या घोळक्यात पुढं निघून गेला. तू त्याला हाक मारलीस. तुझ्या त्या आवाजानं, जो तू घराबाहेर कधी काढायची नाहीस, कारण आडावर पोरं त्याची नक्कल करायची. वर हातानं कपाळावर आडवं बोट ओढून दाखवत होतीस, लांबून, पुन्हा पुन्हा. पोरं हसली. त्यातल्या एकानं तुझ्यासारखं ओरडून दाखवलं. किसन तुझ्याकडे बघून पाठमोरा झाला. त्या दिवसानंतर त्यानं तुझ्याशी हातानं बोलणं बंद केलं. पुढं लग्न झालं, तरी नाही. तुला काही सांगायचं तर शांताला सांगायचा, शांता मोडकंतोडकं खुणावायची. नाहीतर तोंड फिरवून पुटपुटायचा, आणि तू त्याच्या मिशीकडे बघत बसायचीस, काही उमगतंय का म्हणून. पोटचा पोर, एका घरात, आणि तू त्याचं एक वाक्य समजायला त्याच्या तोंडाभोवती फिरायचीस. मी आले की तुम्हा दोघांच्या मध्ये बसून तुला सगळं सांगायची. त्याला म्हणायची, "अरे तुला येतंय की, हात काय मोडलेत का?" तो म्हणायचा, "अक्का, तू गप बस. लोकं बघतेत."

लोक बघतात! लोक कधी नव्हते?

दसरा झाला की किसन आणि शांता टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. कोरडवाहू रानात भागत नव्हतं, त्याबद्दल मी त्यांना बोल लावणार नाही. छबू अंगावरचं दूध सोडून चालायला लागली तशी ते तिला तुझ्यापाशी ठेवून जायला लागले. आणि तू तिला बोलायला शिकवलंस. तुझ्या रीतीनं. काम करता करता, तिच्या उंचीला खाली बसून. भाकरी थापायच्या आधी पीठ दाखवायचं, मग त्याची खूण, मग थांबायचं, तिनं केली की डोळे मोठे करून हसायचं. मी दिवाळीला आले तेव्हा ती मला हातानं सांगत होती की मांजर चुलीमागं व्याली, पिल्लं तीन, एक आंधळं. एवढंसं लेकरू एवढी मोठी गोष्ट सांगत होतं. मी उचलून मुके घेतले तिचे.

त्या वर्षी कौसामावशी लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडेच राहिली, म्हणून आवाजाची बाजू लंगडी पडली होती. एवढंच झालं होतं, आई. ती परत आली असती की सगळं रांगेला लागलं असतं.

पण उन्हाळ्यात शांता परत आली आणि लेकरू तिला 'आई' म्हणेना. तुझ्यासारखं छातीवर हात ठेवून दाखवी. शांताला ते कळायचं, पण तिला ते ऐकायचं होतं. रडायची बिचारी. "मी तिकडं मोळ्या वाहता वाहता मनात हिच्याशी बोलायची, आन् हिला माझ्यासाठी एक शबूद न्हाई," असं म्हणाली माझ्यापाशी. तिच्या रडण्याचा मला राग नाही. राग आहे तो त्या रडण्याचा गावानं जो वापर केला त्याचा. चुलत्यांनी पारावर बसून निकाल दिला, "बहिरीपाशी ठिवलं तर बहिरीवानीच व्हनार. म्हातारीनं पोरगी मुकी केली." आणि सगळ्यांच्या माना हलल्या. त्या पारावर मी असते तर चार शब्द ऐकवले असते. पण मी परभणीत होते, आणि तू ओट्यावर बसून त्यांच्या हलणाऱ्या माना बघत होतीस.

मग इलाज सुरू झाले. मधात वेखंड उगाळून जिभेला चोळलं. पोपटानं टोचलेला पेरू शोधून आणून खायला घातला. इथवर ठीक, पेरू खाऊन कुणाचं वाईट होत नाही. पण मग बाजारात बसणारा एक वैदू घरी आणला. जिभेखालची शीर जड आहे, मोकळी करतो म्हणाला. आणि छबूचे हात धरायला कुणाला सांगितलं? तुला. कारण ती तुझ्याशिवाय कुणाजवळ शांत बसत नव्हती. हे मला कुणी सांगितलं नाही, तू सांगितलंस, पुढच्या खेपेला, तुळशीपाशी उभी राहून. आधी तिचे हात आपल्या मुठीत कसे धरले ते दाखवलंस. मग तिचं तोंड. मग आपल्या तळव्यावर थुंकल्यासारखं करून रक्त. आणि नंतर दोन्ही हात पदराखाली लपवून टाकलेस. तुझे हात लपलेले मी त्याआधी कधी बघितले नव्हते.

त्यानंतर दसऱ्याला किसननं ठरवलं की छबूला बहिरीजवळ ठेवायचं नाही, बरोबर न्यायचं. इथं माझं तुझ्याशीही भांडण आहे, आई, आणि ते अर्धंच राहिलं. तिच्या कपड्यांचं गाठोडं तू स्वतः बांधून दिलंस. मी तावातावानं विचारलं, का दिलंस? अडव की! रडून गोंधळ घाल, आडवी पड उंबऱ्यात. तू फक्त कपाळावर आडवं बोट ओढलंस आणि मूठ मिटून छातीशी धरलीस. किसनची आहे. त्याची वस्तू त्यानं नेली. मी म्हटलं, ती वस्तू आहे का? तू मान फिरवलीस. तुझ्याशी भांडताना ही मोठी पंचाईत होती, तू मान फिरवलीस की भांडण संपलं. मी अजून म्हणते, तू अडवायला हवं होतंस. आता खुशाल मान फिरव.

फडावर छबूचं काय झालं ते शांतानंच नंतर सांगितलं. पाचटाच्या झोपडीत, त्या कोपीत, तिला बसवून ही दोघं अंधार असतानाच ऊस तोडायला निघायची. पायाला दोरी, दोरी मेढीला, म्हणजे बैलांखाली जायला नको. दिवस उतरताना परत यायची तर अंगात त्राण नसायचं, भाकरी खाऊन आडवी. लेकराशी बोलायला कुणी नाही आणि हात केले तर शांता घाबरून दाबून टाकायची, कारण मुकादमाची बायको हसायची. टोळी परत आली तेव्हा मी मुद्दाम गावी आले होते. छबू ट्रकातून उतरली. तू उकिडवी बसलीस, गालात बोट रुतवलंस. ती तुझ्याकडे बघत राहिली. तिचे हात बाजूला लोंबत होते. तोंडानं बोलावं म्हणून जिला नेलं, ती हातानंही बोलेनाशी झाली होती.

मग मात्र मी कुणाला विचारलं नाही. तुला आणि छबूला एस.टी.त घातलं आणि परभणीला निघाले. आठवतं ना? विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद होता. गाडी शहराबाहेरच थांबली, माणसं रस्त्यावर बसली होती, हात वर करून घोषणा देत होती. आपण उतरून चालायला लागलो, छबू कधी तुझ्या कडेवर, कधी माझ्या. तू विचारलंस, यांना काय पाहिजे? आपल्या भाषेत 'नाव' असा शब्द नाही, प्रत्येकाची आपापली खूण आहे. म्हणून मी चोच केली, कपाळावर रेघ ओढली, गालात बोट रुतवलं, आणि त्या माणसांकडे हात करून म्हटलं, यांनाही असं पाहिजे. तू जरा वेळ त्यांच्याकडे बघितलंस. मग ओंजळ पुढं करून उघडलीस. 'देऊन टाका की.' आपल्या गावात हे तोंडानं म्हणायची तेव्हा कुणाची छाती नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी छबूच्या पाठीमागं चमचा वाटीवर वाजवला, ती वळली. हळू वाजवला, तरी वळली. तोंडात बघून म्हणाले, "कान ठणठणीत आहेत, जिभेलाही काही नव्हतं. घरात हिच्याशी बोलतं कोण?" मी तुझ्याकडे बोट केलं आणि सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं आता हेही तुला नावं ठेवणार. ते म्हणाले, "आजीला सांगा, हातानं बोलतात ते बंद करू नका. त्याच्या जोडीला आवाज द्या. आणि उत्तराची घाई करू नका." मी तुला सांगितलं तेव्हा तू असं बघितलंस, की एवढं सांगायला मला इतकं चालवलंस होय?

त्या साली किसन छबूला तुझ्यापाशी ठेवायला कसाबसा तयार झाला, तोही शांतानं पाय धरले म्हणून. आणि कौसामावशीही तोवर परतली होती. तुम्ही दोघींनी त्या हिवाळ्यात एका मोठ्या वाकळीला हात घातला. मी जेव्हा यायची तेव्हा ओट्यावर तोच पसारा. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, परकरांचे तुकडे. तू एक तुकडा उचलून छबूच्या डोळ्यांसमोर धरायचीस. कौसामावशी म्हणायची, "हे लाल. हे तुझ्या आत्याचं लुगडं. फाटलं." तू फाटल्याची खूण करायचीस. मग दोघी थांबायच्या. कौसामावशीला थांबायला सांगणं म्हणजे सोपं काम नव्हे. तिचं तोंड पुन्हा उघडायला लागलं की तू सुईचा हात वर करायचीस, आणि ती ओठ आवळून बसायची. छबू घ्यायची तुकडा, जागेवर ठेवायची. आधी कित्येक दिवस नुसतीच ठेवायची. मग एकदा बोटांनी फाटल्याची खूण केली. तिच्या हातात जीव आला तेव्हा तू रडलीस, हे मला कौसामावशीनं सांगितलं, तू लपवलंस.

आणि शिमग्याच्या सुमाराला, मी समोर असताना, छबूनं कौसामावशीच्या नवऱ्याच्या धोतराचा तुकडा उचलला, निरखून बघितला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "फाटलं." आमची तोंडं उघडीच राहिली. तुला ऐकू आलं नाही, पण आमची तोंडं बघून तुला कळलं. मग ती सगळ्यालाच फाटलं म्हणत सुटली. आभाळ फाटलं, म्हैस फाटली, आजी फाटली. कौसामावशी हसून हसून ओट्यावरून खाली पडायची बाकी राहिली. उन्हाळ्यात शांता ट्रकातून उतरली तेव्हा छबूनं छातीवर हात ठेवला आणि तोंडानं म्हणाली, "आई." शांता तिथंच रस्त्यात खाली बसली.

त्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर तुझी ऋणी आहे. माझ्यासाठी तू केलंस ते कळायचं माझं वय नव्हतं. छबूसाठी करताना मी डोळ्यांनी बघितलं.

आणि गावानं काय म्हणावं? वैदू म्हणाला, माझा गुण आला, जरा उशिरा आला. चुलते म्हणाले, आपण नवस बोललो होतो. किसन गप्प बसला. त्याला ठाऊक होतं, तो त्याच ओट्यावर शिकला होता. एकानंही तुझ्याकडे बघून मान हलवली नाही. निंदा करताना हलल्या होत्या त्या माना, त्याच माना.

यंदा दसरा झाला, टोळी निघायची तयारी चालू झाली आणि तू गेलीस. तुझी राख निवली नव्हती तोवर शांताच्या कडेवरच्या धाकट्याचा विषय निघाला. त्याला फडावर कोण सांभाळणार? किसन म्हणाला, "छबू हाय की. आता बोलायलीय, अजून काय पायजे? धाकट्याला धरून बसंल कोपीत." मी म्हटलं, मी नेते तिला परभणीला, शाळेत घालते, तुम्ही आलात की सुट्टीला आणून सोडते. "माझी लेक हाय, माझं मी बघतो," म्हणाला. मला त्या पायातली दोरी दिसायला लागली. सुतक चालू होतं, म्हणून मी गिळलं.

दहाव्याला गोदावरीवर गेलो. "बायकांनी लांब बसा," म्हणाले, मी बसले नाही. किसननं मुंडण केलेलं, ओला पंचा, पिंड मांडलेला. कावळे समोरच्या बाभळीवर होते, एक खाली उतरून दोन उड्या मारून परत गेला. मग रीतीप्रमाणे सुरू झालं, म्हातारीचा जीव कशात अडकलाय ते बोला. चुलते पुढं झाले, "वैनी, किसनला आमी अंतर देनार न्हाई." कावळा हलेना. "वैनी, तुझ्या रानाला कुनी हात लावनार न्हाई." नाही. "तुझ्या म्हशीला इकनार न्हाई." नाही. कोणीतरी म्हणालं, "जोरात बोला, म्हातारीला ऐकू येत नव्हतं." दोघं-तिघं हसली. आणि आई, ते खरंच जोरात बोलायला लागले. पिंडाशी वाकून, ओरडून. छबू माझा हात सोडून पुढं गेली, पिंडासमोर उकिडवी बसली, तिनं हात उचलले, आणि चुलते पुन्हा तेच म्हणाले.

"हात खाली कर!"

मग माझा तोल गेला. "कुनी हात खाली करायचा न्हाई!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाभळीवरचे कावळे उडाले. "बहिरी हुती ती! जल्मभर बहिरी म्हनीत आलाव, आन् आज वरडून कुनाला सांगायलाव? म्हशीत अडकला व्हय तिचा जीव? किसन, तुला ठाव हाय ती कशात अडकलीय. तुला सांगताबी येतंय. तोंडात पैला शबूद यायच्या आधी तुझ्या हातात हुता. सांग तिला."

चुलते माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच पिंडाला लाथ मारली. किसन खाली मान घालून उभा. मला वाटलं, आता हा पाठमोरा होणार, त्या बाजारात झाला होता तसा.

त्यानं ओले हात पंच्याला पुसले. पिंडासमोर बसला, उकिडवा. हात वर आणले. त्यानं तळवा जमिनीजवळ आडवा धरला, म्हणजे 'लहान पोर'. पुढं काय करावं त्याला सुचेना, पुन्हा तळवाच धरला. छबू त्याच्याकडे बघत होती. "असं न्हाई, बाबा," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तिनं त्याचं बोट धरलं आणि आपल्या गालाच्या खळीत रुतवलं. "असं. आजी मला असं म्हनती."

आपल्या लेकीचं नाव त्याला माहीत नव्हतं, आई. तू तिला एवढी वर्षं त्या नावानं हाक मारलीस, त्याच्या डोळ्यांसमोर, आणि त्यानं कधी विचारलं नाही.

मग त्यानं ते स्वतःच्या गालावर केलं. दातानं ऊस सोलल्यासारखं केलं आणि हात आडवा हलवला, नाही. माझ्याकडे न बघता दोन बोटांची चोच केली. डाव्या तळव्यावर उजव्या बोटानं अक्षरं काढली. शेवटी गळ्याला चिमटा घेतला, आम्ही लहानपणी शपथ घ्यायचो तसा. आणि थांबला, तू शिकवलं होतंस तसा.

कावळा कधी शिवला ते मला सांगता यायचं नाही. मी तिकडे बघत नव्हते. चुलते परतताना सांगत होते की म्हशीचं बोललो तेव्हाच तो वळला होता.

छबू आता माझ्याकडे आहे. शाळेत नाव घातलंय. घरमालकीण तिला म्हणाली, "बोलता येतं ना, मग हात कशाला हलवतेस?" मी काही म्हणायच्या आत छबूनं उत्तर दिलं, "मला दोन्ही येतंय." तुझी वाकळ दोघींच्या अंगावर असते. कौसामावशीनं तिची असूनही देऊन टाकली.

पण मला सांगायचं आहे ते ट्रक निघाला त्या सकाळचं. आम्ही दोघी वेशीपाशी उभ्या होतो. टोळी वर चढली, भांडी, गाठोडी, शांताच्या मांडीवर धाकटा. ट्रक हलला तेव्हा किसन फळीला धरून उभा राहिला आणि सगळ्या टोळीसमोर, मुकादमासमोर, त्यानं बोट गालात रुतवलं. छबूनं कपाळावर आडवी रेघ ओढली, आणि वर तोंडानंही ओरडली, "बाबाऽ!" तो लांब जाईपर्यंत हात करत राहिला. वेशीपाशी जमलेल्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, किसन बदलला बघ, म्हातारी बघायला पायजे हुती.

माझे डोळे कोरडेच राहिले. तो रोज संध्याकाळी रानातून यायचा तेव्हा तू ओट्यावर बसून आधी त्याच्या हातांकडे बघायचीस, मी बघितलंय तुला. आज उचलले ते हात तेव्हा उचलले असते, एकदा, घरातल्या घरात, कुणी बघत नसताना, तर काय बिघडलं असतं गं त्याचं?